डोकी मोजणाऱ्या इरावतीबाई

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात इरावतीबाई कर्वे दोन ठिकाणी नांदतात. एक मुक्काम मराठीच्या कपाटात. तिथे 'परिपूर्ती', 'भोवरा', 'गंगाजल' आणि 'युगान्त' ही पुस्तके एकमेकांना टेकून उभी असतात. 'युगान्त'च्या तीन प्रती आहेत आणि तिन्हींची पाने विद्यार्थ्यांच्या हातांनी मऊ पडली आहेत. दुसरा मुक्काम जिन्याखालच्या कपाटात. तिथली पुस्तके इंग्रजीत आहेत, अंगाने जाड आहेत आणि त्यांत आकड्यांचे तक्तेच्या तक्ते आहेत. या दोन कपाटांत फार तर तीस पावलांचे अंतर असेल. मराठीचे विद्यार्थी ती पावले चालून जात नाहीत, आणि खरे सांगायचे तर मराठीचे प्राध्यापकही फारसे जात नाहीत.

मला तिकडे पाठवले ते एका विद्यार्थिनीने. मी 'युगान्त' शिकवत होते आणि माझ्या मते तास चांगला रंगला होता. तेवढ्यात या मुलीने विचारले, "मॅडम, यांचा पोटापाण्याचा उद्योग काय होता?"

"मानवशास्त्रज्ञ होत्या."

"हो, पण म्हणजे रोज सकाळी उठून काय करायच्या?"

प्रश्न मोठा रास्त होता. मी म्हटले, "माणसांची डोकी मोजायच्या." वर्ग खो खो हसला. मुलांना वाटले, मॅडमनी विनोद केला. पण ते अक्षरशः खरे आहे. बाकदार टोकांचा एक लोखंडी कंपास असतो. त्याने कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत डोक्याची लांबी घ्यायची, मग दोन्ही कानांच्या वर रुंदी घ्यायची. नाकाची लांबी आणि रुंदी, चेहऱ्याची उंची, उभ्या माणसाची उंची आणि बसल्या माणसाची उंची अशी मापे घेत जायचे. एका माणसाचे झाले की दुसरा. एका गावाचे झाले की दुसरे गाव. इरावतीबाईंनी आयुष्याची कित्येक वर्षे हे केले. महाराष्ट्रात केले, कर्नाटकात केले, ओरिसात केले. द्रौपदी आणि गांधारी त्यांना सुचल्या त्या या पायपिटीच्या आधी, नंतर आणि अधूनमधून.

आता कुणी विचारील, मराठीच्या मास्तरणीला ही उठाठेव कशाला? त्याला कारण आहे. त्या कंपासाने त्या ज्या प्रश्नाच्या मागे लागल्या होत्या, तो प्रश्न आमच्या घरच्या दिवाणखान्यात येऊन बसला. ते पुढे येईलच. आधी बाईंची ओळख पुरी करून घेऊ.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातला. वडील गणेश हरी करमरकर तिकडे इंजिनियर होते. तिथल्या मोठ्या नदीचे नाव मुलीला ठेवले. सातव्या वर्षी मुलगी पुण्याला हुजूरपागेत आली आणि रँग्लर परांजप्यांच्या घरात वाढली. पुढे फर्ग्युसन महाविद्यालय, आणि मग मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र. १९२८ साली एम. ए. झाल्या तेव्हाचा त्यांचा प्रबंध चित्पावन ब्राह्मणांवर होता. म्हणजे पहिला अभ्यास आपल्याच जातीचा. हे मला आवडते. दुसऱ्यांच्या अंगणात डोकावण्याआधी त्यांनी स्वतःचे अंगण झाडले.

त्या काळी या विषयावर सावली होती ती सर हर्बर्ट रिस्ले यांची. हे इंग्रज सनदी अधिकारी १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख. त्यांनी बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांची नाके मोजून एक सिद्धांत मांडला. नाक जितके रुंद तितकी जात खालची, आणि नाक जितके सरळ निमुळते तितकी वरची! वाचताना आज हसू येते, पण हा विनोद सरकारी छापखान्यात छापला गेला होता आणि शहाणीसुरती माणसे तो मान्य करीत होती. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींतल्या पुष्कळांना तो मनापासून आवडलाही असणार. आपले नाक वर असल्याचा पुरावा सरकारकडूनच मिळत असेल तर कोणाला नको असतो? पुढे १९३२ साली घुर्यांनी रिस्लेचेच आकडे तपासून दाखवून दिले की गंगेच्या खोऱ्यातला एक भाग सोडला, तर हे गणित कुठे जमतच नाही.

घुर्यांची ही विद्यार्थिनी १९२८ साली बर्लिनला गेली. लग्न झालेले होते. पती दिनकर धोंडो कर्वे रसायनशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः जर्मनीत शिकून आलेले, आणि पत्नीला तिकडे पाठवायला पूर्ण राजी. राजी नव्हते ते सासरे. सासरे म्हणजे महर्षी कर्वे! विधवांसाठी आश्रम काढणारे, स्त्रियांसाठी विद्यापीठ उभारणारे, ते सुनेच्या परदेशी शिक्षणाला मात्र अनुकूल नव्हते. मोठ्या माणसांच्या चरित्रातल्या अशा जागा मला फार माणुसकीच्या वाटतात. जीवराज मेहतांनी पैसे उसने दिले आणि बाई बोटीत बसल्या.

बर्लिनच्या डाहलेम भागात १९२७ साली मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची एक मोठी संस्था उघडली होती. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत गोरे बाप आणि आफ्रिकन आया यांच्या वंशजांचा अभ्यास करून त्यांनी नाव मिळवले होते, आणि वंशावंशांत उच्चनीचता असते यावर त्यांचा गाढ विश्वास होता. त्यांनी या हिंदी विद्यार्थिनीला विषय दिला तो कवटीचा. कवटीची उजवी आणि डावी बाजू तंतोतंत सारखी नसते. फिशर यांची अटकळ अशी की गोऱ्या युरोपीय माणसात हा फरक अधिक असणार, कारण त्याचा मेंदू, विशेषतः बुद्धीचा म्हणून मानलेला पुढचा भाग, अधिक विकसित आहे. इरावतीबाईंनी एवढेच करायचे होते की कवट्या मोजून ही अटकळ आकड्यांत बसवून द्यायची.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. युरोपातल्या मोजल्या, आणि वसाहतींमधून पेट्यांत भरून आणलेल्या मोजल्या. त्या कवट्या कुणाच्या होत्या, कशा आल्या, हा प्रश्न जर्मनीत पुढे कित्येक दशकांनी विचारला गेला, आणि २०११ पासून काही कवट्या नामिबियाला परत करण्यात आल्या. त्या वेळी तो कुणी विचारीत नव्हते. बाईंनी मोजले आणि प्रबंधात जे निघाले ते लिहिले. उजव्याडाव्याचा फरक सगळ्याच माणसांत असतो, आणि त्याचा वंशाशी संबंध नाही.

आपण फार सहज म्हणतो, 'जे निघाले ते लिहिले.' पण जरा डोळ्यांपुढे आणून पाहा. बाई तेवीस-चोवीस वर्षांची. देश पारतंत्र्यात, खिशात उसने पैसे. समोर जगप्रसिद्ध प्राध्यापक, ज्यांच्या सहीवाचून पदवी नाही आणि ज्यांना काय उत्तर हवे आहे हे उघड आहे. दोनचार मापे इकडची तिकडे केली असती तर कवटीने तक्रार केली नसती. आमच्याकडे प्रबंधाचे मार्गदर्शक 'अमुक एक संदर्भ घाला' म्हणाले तर विद्यार्थी दहा घालून आणतात. मी हे थट्टेने लिहीत नाही. दोन्ही बाजूंनी मी या व्यवहारात राहिले आहे, आणि म्हणून मला त्या प्रबंधाचे मोल कळते.

१९३० साली त्या डॉक्टर होऊन परतल्या. तीनच वर्षांनी, १९३३ मध्ये, फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ऱ्हाइनच्या खोऱ्यात जर्मन आया आणि फ्रेंच सैन्यातले आफ्रिकन-आशियाई सैनिक यांची जी मुले होती, त्यांना १९३७ मध्ये गुपचूप पकडून त्यांची नसबंदी करण्यात आली. त्या मुलांच्या तपासणीत याच संस्थेतले तज्ज्ञ होते. आणि १९४२ नंतर, फिशर निवृत्त झाल्यावर, आऊश्वित्झच्या छावणीतून डॉक्टर मेंगेले रक्ताचे नमुने आणि डोळे पाठवीत होता, ते याच पत्त्यावर. कंपास तोच होता. वंशांची शिडी आहेच असे गृहीत धरून मोजायला बसले की पुढच्या पायऱ्या कुठे जातात, हे त्या इमारतीने दाखवून दिले.

पुण्याला परतल्यावर काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठात रजिस्ट्रारचे काम केले, आणि १९३९ साली नव्याने सुरू झालेल्या डेक्कन कॉलेजच्या संशोधन संस्थेत त्या आल्या. तिथेच त्या अखेरपर्यंत होत्या. सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजच्या उत्खननात हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचे सांगाडे काढले, ते याच काळात. आणि मग जिवंत माणसांची मापे. १९५१ मध्ये त्यांनी आणि वि. म. दांडेकरांनी मिळून महाराष्ट्रातल्या शरीरमापांचे पुस्तक प्रसिद्ध केले. हे दांडेकर म्हणजे पुढे नीळकंठ रथांबरोबर भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडणारे अर्थशास्त्रज्ञ. माणूस उंचीत मोजा नाहीतर उपासात, हिशेब जाणणारा लागतोच.

इथे बाईंनी एक गोष्ट केली, ती वरवर क्षुल्लक वाटते. 'ब्राह्मणांची' मापे घेतली, 'मराठ्यांची' घेतली, असे म्हणून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी विचारले, मुलगी कुठे देता? ज्या लोकांत मुली दिल्या घेतल्या जातात तो एक गट. त्याच्या बाहेरचा दुसरा गट, मग दोघांचे नाव एक का असेना. आपल्याकडे कुंभार म्हटले की एक जात असे शहरातल्या माणसाला वाटते. बाईंनी दाखवले की एकट्या महाराष्ट्रात कुंभारांचे अनेक गट आहेत. त्यांच्या चाकाची घडण वेगळी, काम करण्याची रीत वेगळी, आणि मुली एकमेकांत दिल्या जात नाहीत. नाव एक पडले ते धंद्यामुळे. १९६१ च्या 'हिंदू सोसायटी' या पुस्तकात त्यांनी यावरून आपले मत मांडले. एका मोठ्या जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या असे आपण मानतो, ते पुष्कळदा उलटे आहे. मुळात लहान लहान गट निराळे होते, आणि ते एकाशेजारी एक येऊन बसले. आईने जुन्या लुगड्यांची वाकळ शिवावी तसे. दुरून कापड एक दिसते, जवळून टाके दिसतात.

आता आमच्या दिवाणखान्याकडे वळते.

माझ्या नणंदेच्या मुलीने लग्न ठरवले आहे. मुलगा साताऱ्याकडचा, शिकलेला, शांत आणि दुसऱ्या जातीचा. नणंदेने आणि तिच्या यजमानांनी आठवडाभर तोंड पाडले आणि मग मान्य केले, कारण एकुलती एक मुलगी आहे. मान्य केले नाही ते आमच्या मोठ्या भाऊजींनी. भाऊजी बँकेतून निवृत्त झालेले, वयाने एकाहत्तर, माणूस प्रेमळ, वाचनाचा नाद मोठा. गणपतीत सगळे जमले होते. आरती झाली, मोदक झाले, आणि मग विषय निघालाच.

"मुलगा वाईट आहे असं मी म्हणतच नाही," भाऊजी म्हणाले. "पण रक्त म्हणून काही असतं की नाही? पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं असतं ते. खाण तशी माती. तू तर शिकवतेस ना गं इरावतीबाईंचं? आपल्यातल्याच त्या. त्यांनी तर शास्त्रच केलं होतं याचं. जाती मोजून दाखवल्या होत्या."

भाऊजींना इरावतीबाईंचा फार अभिमान आहे. 'युगान्त' त्यांनी तीनदा वाचले आहे. जिन्याखालचे कपाट त्यांनी पाहिलेले नाही.

मी एरवी सासरच्या बैठकीत फारसे बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "भाऊजी, मोजून दाखवल्या हे खरं. १९६८ साली इरावतीबाई आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या आठ गटांची तुलना छापली. पायरी सगळ्यांची एक, पण प्रत्येक गट आपापल्यात लग्नं करणारा. त्यात कोकणस्थही होते आणि देशस्थही होते."

"मग?"

"मग त्यांना असं आढळलं की पायरी एक असली तरी हे गट शरीरानं एक नाहीत. त्यांच्यात चांगलाच फरक आहे. म्हणजे त्या हिशेबानं आपल्या घरात कुंपण ओलांडायला भाचीची वाट बघावी लागलीच नाही."

क्षणभर कुणाच्या लक्षात आले नाही. मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या जाऊबाई खळखळून हसल्या. जाऊबाई देशस्थ, पंढरपूरकडच्या. त्यांचे लग्न ठरले तेव्हा आमच्या सासूबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नव्हत्या. 'घाटावरची' हा शब्द पुढे बरीच वर्षे या घरात वापरात होता. आता तो कुणाला आठवतही नाही, आणि जाऊबाईंवाचून या घराचे पान हलत नाही.

भाऊजी म्हणाले, "ते निराळं." पुण्यामुंबईच्या घरांतून हे दोन शब्द किती वेळा उच्चारले गेले असतील! प्रत्येक पिढी आधीच्या पिढीने ओलांडलेल्या कुंपणाला 'ते निराळं' म्हणते आणि आपल्या कुंपणापाशी काठी घेऊन उभी राहते.

पण भाऊजींचा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. रक्त म्हणून काही असते की नाही? असते. आणि त्याचा इतिहासही मोठा रंजक आहे. पहिल्या महायुद्धात सालोनिकाच्या आघाडीवर अनेक देशांचे सैन्य गोळा झाले होते. लुडविक आणि हान्का हिर्झफेल्ड या डॉक्टर नवराबायकोने त्या सैनिकांचे रक्तगट तपासले आणि १९१९ साली छापले. इंग्रज, फ्रेंच, रशियन, हिंदी, सगळ्यांत तेच ते रक्तगट. फरक फक्त प्रमाणाचा. 'ब' गट हिंदी शिपायांत सर्वांत अधिक, इंग्रजांत फार कमी. म्हणजे कुठल्याही एका राष्ट्राचे म्हणून वेगळे रक्त नाहीच. मुंबईत एल. डी. संघवी आणि वसंतराव खानोलकर यांनी हेच काम जातींवर केले. आपापसांत लग्ने करणाऱ्या सहा गटांची आनुवंशिक लक्षणे त्यांनी १९४९ च्या सुमारास तपासून मांडली. आणि १९५२ साली डॉक्टर भेंडे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक असा रक्तगट शोधला की ज्याला नेहमीच्या कुठल्याच गटाचे रक्त चालत नाही, अगदी सर्वांना चालणारे 'ओ' गटाचेही. जगभर त्याला आजही 'बॉम्बे' म्हणतात. शहराचे नाव बदलले, रक्ताचे बदलले नाही.

इरावतीबाई ११ ऑगस्ट १९७० रोजी गेल्या. त्यांच्यानंतर कंपास मागे पडला, आणि ते योग्यच झाले. डोक्याचा आकार हा पुरावा म्हणून कच्चा. अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांची डोकी आईबापांच्या डोक्यांहून वेगळी भरतात, हे फ्रान्झ बोआस यांनी १९१० च्या सुमारासच दाखवले होते. उंची तर काय, दोन पिढ्या पोटभर जेवण मिळाले की वाढते. बाईंच्या लिखाणात 'वंश' हा शब्द ज्या सैलपणाने येतो तो आजच्या वाचकाला खटकतो, आणि खटकायलाच हवा. शिवाय ज्या हजारो माणसांनी उन्हात उभे राहून डोकी मोजून घेतली, त्यांना काय वाटले हे त्या आकड्यांच्या तक्त्यांत कुठे नाही. पण 'मुलगी कुठे देता?' हा त्यांचा प्रश्न टिकला. पुढे सगळे संशोधन त्याच प्रश्नाच्या वाटेने गेले.

२००९ साली हैदराबादच्या प्रयोगशाळेतले लालजी सिंग आणि थंगराज, आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांनी भारतातल्या अनेक गटांचा डीएनए तपासला. आपल्यापैकी जवळजवळ सगळेच निदान दोन प्राचीन प्रवाहांच्या मिश्रणातून आलेले आहेत, एक उत्तरेशी जोडलेला आणि एक दक्षिणेशी. कुणात एक थोडा जास्त, कुणात दुसरा. वरच्या समजलेल्या जातींत उत्तरेचा अंश बहुधा काहीसा जास्त दिसतो, हेही त्यांनी लपवले नाही. पण प्रमाण म्हणजे प्रत नव्हे. चहात दूध कमी-जास्त घालतात म्हणून एक कप दुसऱ्याहून उच्च कुळातला होत नाही. २०१३ साली याच मंडळींपैकी काहींनी हिशेब मांडला की हे मिसळणे सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी सरसहा चालू होते. मग दारे मिटली. बंगालमधल्या कल्याणी इथले पार्थ मजुमदार आणि सहकारी यांनी २०१६ मध्ये वेगळ्या रीतीने मोजले, तेव्हा वरच्या समजलेल्या पुष्कळ जातींत दारे मिटल्याला सुमारे ७० पिढ्या झाल्याचे निघाले. म्हणजे भाऊजी ज्याला पिढ्यान्‌पिढ्या जपलेले म्हणतात, ते त्याच्या आधी हजारो वर्षे मनसोक्त मिसळलेले आहे.

आणि जपल्याने काय झाले? हे मी भाऊजींना त्या दिवशी सांगितले नाही, कारण सणाचा दिवस होता. इथे सांगते. समजा, एखादा गट थोड्या माणसांपासून वाढला आणि बाहेर सोयरीक नाही. त्या मूळच्या माणसांपैकी एकाच्या बीजात एखाद्या रोगाचे न दिसणारे अक्षर होते. एकाच बाजूने आले तर ते अक्षर गप्प बसते. पण कुंपणाच्या आत फिरून फिरून ते नवऱ्याकडूनही येते आणि बायकोकडूनही येते, आणि मग मूल आजारी जन्मते. २०१७ साली थंगराज, राइश आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातले २६३ गट तपासले. त्यांपैकी ८१ गटांत हा संकोच फिनलंडचे लोक आणि युरोपातले ज्यू यांच्याहूनही तीव्र निघाला, आणि जगातल्या वैद्यकाच्या पुस्तकांत आनुवंशिक रोगांसाठी नमुना म्हणून हे दोन समाज नेहमी दाखवले जातात. त्या ८१ पैकी १४ गट दहा लाखांहून मोठे होते. म्हणजे माणसे पुष्कळ, पण पूर्वज थोडे.

माझ्या माहेरी मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल होती. इरावतीबाईंनी १९५३ च्या नातेसंबंधांवरच्या पुस्तकात ती चाल नेमकी टिपली आहे: महाराष्ट्रात पुष्कळ जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. आमच्या एका मावशीचे असेच आतेभावाशी लग्न झाले. घरातल्या घरात मुलगी गेली म्हणून सगळे खूश होते. तिची दोन मुले जन्मतः बहिरी. आजी म्हणायची, कुणाची तरी हाय लागली. मावशीने किती उपास केले, किती देवळांच्या पायऱ्या चढली, त्याला गणती नाही. पुढे एका डॉक्टरांनी कागदावर दोन रेघा काढून समजावून सांगितले, तेव्हा मावशी साठीला आली होती. ती डॉक्टरांना एवढेच म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?" तो कागद तिने घडी करून देव्हाऱ्याच्या खणात ठेवला. ती गेल्यावर आवराआवर करताना मला तो सापडला.

'परिपूर्ती' या लेखात इरावतीबाई सांगतात ते वाचकांना आठवत असेल. सभेत त्यांची ओळख करून देताना अमक्यांची सून, अमक्यांची पत्नी असे सगळे झाले, तरी काही राहिल्यासारखे वाटत होते. मग रस्त्यात शाळेतली पोरे एकमेकांना सांगताना ऐकू आले की ही आपल्या वर्गातल्या अमक्याची आई, आणि ओळख पुरी झाली. मी हा लेख वर्षानुवर्षे मातृत्वाचा म्हणून शिकवत आले, आणि तो तसा आहेही. पण जिन्याखालचे कपाट उघडल्यावर मला त्यात आणखी एक गंमत दिसू लागली. नात्यांचे जाळे मोजण्यात जिने आयुष्य घातले, ती बाई त्या जाळ्यातली आपली जागा शोधते आहे, तीही हसत हसत. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटरवरून जाणारी, नवऱ्याला एकेरी नावाने हाक मारणारी ही बाई नात्यांना तुच्छ लेखत नव्हती. आणि म्हणूनच, कुठले नाते माणसाला जवळ करते आणि कुठले नुसते बाहेरच्याला अडवते, हे तिला मोजावेसे वाटले असेल.

भाचीने आणि त्या मुलाने लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी करून घेतली. थॅलेसेमियासाठी करतात ती. दोघांतही तो दोष असेल तर प्रत्येक मुलाच्या बाबतीत चारात एक एवढा धोका असतो, म्हणून. हल्ली पुष्कळ डॉक्टर सुचवतात, आणि पत्रिका पाहण्याइतकाच वेळ लागतो. दोघांचे निकाल स्वच्छ आले. भाचीने ते घरच्या व्हॉट्सॲपच्या गटावर टाकले. भाऊजींनी दिवसभर काही लिहिले नाही. रात्री साडेदहाला त्यांचा अंगठा आला.

लग्न मार्गशीर्षात आहे. भाऊजींनी अजून येतो म्हटलेले नाही. मात्र परवा त्यांचा फोन आला होता. मला वाटले, ते १९६८ सालचे निबंधाचे पान मागताहेत. त्यांनी विचारले, "त्या साताऱ्याच्या मंडळींकडे पुरणपोळी दुधाबरोबर खातात का कटाच्या आमटीबरोबर? तुझी जाऊ म्हणते, आधी विचारून ठेवा. आपल्याकडून फजिती नको."